माका एक नारळ पुरलो

६ नोव्हेंबर, गुरुवार

दीपिकाचा फोन. "नाताळपर्यंत बघते. नाहीतर संचिताचा दाखला काढून नेते." एवढंच बोलली आणि ठेवला. बायको मिठबावची, एरवी माझ्याशी मालवणीतच बोलते, पण खरंच रागावली की शुद्ध बोलते. मालवणीत बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेली ती पोरीला घेऊन तिथेच राहिली. शाळा उघडली. तिथल्या बाईंनी संचिताला चौथीच्या वर्गात तात्पुरतं बसू दिलंय. इथल्या शाळेतून दाखला काढला की तात्पुरतं संपलं.

कारण लिहून ठेवतो, कारण तोंडाने मी ते प्रत्येकाला वेगळं सांगितलंय. पाडव्याच्या सकाळी आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांना होडीतून डॉल्फिन दाखवायला नेलं. मी पिऊन होतो. सकाळी नऊ वाजता! येताना ओहोटी लागलेली, आणि भर खाडीत मी होडी रेतीवर चढवली. चौदा वर्षं ह्या खाडीत होडी हाकतोय, ती रेती मला घरच्या पायरीइतकी ठाऊक. पाहुण्यांना म्हणालो, हा पॅकेजमधलाच भाग, इथे सगळे फोटो काढतात. त्यांनी काढले! दोन तास भरतीची वाट बघत बसलो. संचिता होडीत होती. घरी येऊन तिने आईला एकच वाक्य सांगितलं – "आज बाबांका पाणी दिसाक नाय."

ही वही तिचीच. पहिल्या पानावर 'पाण्याचे उपयोग', सहा मुद्दे. सातवा, माझ्या ग्लासातला, तिला माहीत होता, लिहिला नाही.

८ नोव्हेंबर

भाईंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विषय काढलाच. भाई एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी माणसाकडे बघतात ते विनातिकीट असल्यासारखं.

त्यांची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ आहे. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत भाई माझ्यापेक्षा जास्त प्यायचे. एका सोमवारी देवळात गेले, नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, आणि त्या दिवसापासून थेंब नाही. लग्नात, बारशात, वाडीच्या जेवणात ही गोष्ट निघतेच. माझ्याकडे बघून निघते.

आजही तेच. "माका एक नारळ पुरलो. तुका किती व्हये?"

आमच्याकडे माड आहेत सत्तेचाळीस. काय उत्तर द्यायचं?

१० नोव्हेंबर, सोमवार

गाऱ्हाणं झालं. मी धोंडूकाकांना सांगितलं होतं, गाऱ्हाणं तुम्हीच घाला, पण जरा खाजगी. पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घराकडेच तो मान. ते म्हणाले, देवाला खाजगी चालत नाही.

देवळात चौदा माणसं. धोंडूकाकांनी नारळ हातात धरला आणि सुरू केलं. आधी गावाचं, वाडीचं, कुळाचं नाव. मग माझं. मग तपशील! "बा देवा म्हाराजा, ह्या तुजा लेकरू पाडव्याच्या दिसाक पिवन होडी रेतयेर चढवल्यान."

"व्हय म्हाराजा!" – चौदा जण.

"पावण्यांका दोन तास उन्हात तापवल्यान."

"व्हय म्हाराजा!"

"घरची लक्ष्मी म्हायेराक गेली."

"व्हय म्हाराजा!" हा सगळ्यात जोरात झाला.

ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही आता तारीखवार माहीत आहे. शेवटी – "ह्या गावच्या शिवेत ह्येच्या तोंडाक सोरो लागाचो नाय, असो बंदोबस्त कर म्हाराजा!" सगळ्यांनी होकार भरला. मीही. माझे डोळे भरून आले होते, ते खरंच. भाई खांबाला टेकून उभे होते. त्यांनी हात जोडलेले, पण तोंड उघडलेलं मी पाहिलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला दिवस कोरडा. भाई सकाळच्या गाडीने कुडाळला, डोळे दाखवायला. एक मंगळवार सोडून एक, वर्षानुवर्षं जातात. चष्मा मात्र तोच, काळ्या फ्रेमचा.

१५ नोव्हेंबर

होय म्हणणाऱ्या चौदा जणांना वाटतं, माझ्या शपथेत प्रत्येकाचा वाटा आहे. मालवणात दुकानासमोरून नुसता गेलो तरी कुणीतरी हाक मारतं, "काय कौस्तुभ, खंय चल्लंस?" बाटलीचं दुकान ज्याचं तो स्वतः त्या दिवशी देवळात होता. मला लांबूनच नमस्कार करतो.

होडी मी हाकत नाही. शेजारचा बाबली हाकतो, माझ्यापेक्षा बरी हाकतो. मी पाहुण्यांना सुरमई वाढतो, सोलकढी वाढतो. ते व्हरांड्यात ग्लास घेऊन बसतात आणि म्हणतात, या ना, बसा. मी म्हणतो, माझा सोमवार आहे. आज शनिवार होता.

हात थरथरतात. झोप नाही. नारळाने ह्यातलं काही सांगितलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर

लिहायचं नव्हतं. लिहितो.

दुपारी खाडीकडे बसलो होतो. डोक्यात धोंडूकाकांचं वाक्य फिरत होतं. ह्या गावच्या शिवेत. आमची शीव खाडीच्या मध्यापर्यंत. पलीकडचा किनारा दुसऱ्या गावाचा, देव दुसरा, तालुकाही दुसरा. शपथ ह्या देवाकडे घेतली, त्या देवाशी माझं काही बोलणं झालेलं नाही. एखाद्या वकिलाने इतका नीट विचार केला नसता!

लहान होडी काढली, वल्हवत पलीकडे गेलो. मधोमध आल्यावर मागे वळून देवळाच्या दिशेने हातसुद्धा जोडले. पलीकडे माडाखाली एक जण विकतो. बसलो, प्यायलो. शीव सोडून प्यायलो, नियमाने प्यायलो.

अकरा दिवस टिकलो.

येताना मध्यावर वल्ही थांबवून बसलो. आता मी आमच्या हद्दीत शिरत होतो, पोटात घेऊन. पोटातल्याचं काय, हे गाऱ्हाण्यात आलं नव्हतं. देव फसला असेल नसेल, मी फसलो नाही. मला रडू आलं.

२२ नोव्हेंबर

बाबलीने पाहिलं. म्हणजे सगळ्यांनी पाहिलं. भाई काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मला जास्त लागलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ठरवलं. देव नको, डॉक्टर. समुपदेशन करणारं माणूस. भाईंचा डोळ्यांचा मंगळवार, ते कुडाळला. तेवढ्यात मी मालवणात जाऊन आलो. एका दवाखान्यात सुभद्रा मॅडम म्हणून बसतात, व्यसनाचं बघतात. पस्तिशीच्या, शांत, समोर पेन. मला एकदम बरं वाटलं. आता सगळं सांगून टाकायचं.

"देवबागचे म्हणजे कुणापैकी?"

झालं! हा प्रश्न आमच्याकडे नाव विचारण्याआधी येतो, आणि उत्तर न देणं म्हणजे उद्धटपणा. मी घर सांगितलं. त्यांनी विचारलं, भाई कंडक्टरांचे? मग बायको कुठली, मिठबावची, कुणाच्या घरातली. दोन मिनिटांत निघालं की त्यांची सख्खी मावशी दीपिकाच्या काकांना दिलेली. त्या आमच्या लग्नाला आल्या होत्या. तुमच्याकडे शेवटच्या पंगतीला सोलकढी संपली होती, म्हणाल्या. बरोबर आहे, संपली होती.

म्हणजे मी आता पेशंट नव्हतो, जावई होतो. जावयाने काय सांगायचं, मी सकाळी नऊला पितो म्हणून? मी म्हणालो, "मित्रासाठी आलो होतो."

त्यांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं. मित्रासाठी एक पत्रक दिलं. म्हणाल्या, मित्राला कळवा, इथलं बोलणं इथेच राहतं, नातं असलं तरी. आणि दीपिकाला विचारलं म्हणून सांगा.

मॅडम चांगल्या होत्या. गाढव मी. 

२६ नोव्हेंबर

मॅडम बोलल्या नसणार. पण बाहेर बाकावर आठ जण बसले होते, तेवढे पुरे! सकाळी आई पोळे काढता काढता म्हणाली, "तुज्या त्या मित्राची सुटली काय रे?"

मी म्हणालो, नाही अजून.

"सुटली की जेवाक घेवन ये."

पोळा माझ्या ताटात टाकला. मान वर केली नाही तिने.

३० नोव्हेंबर

ह्या जिल्ह्यात माझ्या नात्यात नसलेला डॉक्टर शोधणं अवघड आहे. म्हणून मोबाइलवर शोधलं. विनीता मॅडम, अमरावतीच्या. आमच्याकडचं अमरावतीत कुणी दिलेलं नाही, आईकडून आडून आडून खात्री करून घेतली.

घरात वायफाय आहे, पण भिंतींना कान आहेत आणि ते आईचे आहेत. म्हणून सुरूच्या बनात, पालथ्या घातलेल्या जुन्या होडीवर बसून व्हिडिओ कॉल. त्यांनी विचारलं, काय अडचण वाटते? मी म्हणालो, "गेल्या काही काळापासून कौटुंबिक स्तरावर समस्या उद्भवल्या आहेत."

असं मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. नळाच्या अर्जात लिहितो ती भाषा. शेवटी 'आपला विश्वासू' म्हणायचं तेवढं राहिलं.

४ डिसेंबर

दुसरी भेट. मी "मद्यसेवन" म्हणालो. "नैराश्य" म्हणालो. "कुटुंबीयांचे सहकार्य" म्हणालो. मॅडम लिहून घेत होत्या. शुद्ध मराठीत मला किती सहज खोटं बोलता येतं! बँकेत, पंचायतीत, तहसीलदाराकडे, सगळीकडे आजवर तेच तर केलं.

संपल्यावर खूप हलकं वाटलं, म्हणून पलीकडे गेलो. तिसऱ्यांदा. दुसऱ्यांदाचं लिहिलंच नव्हतं.

८ डिसेंबर

संचिताशी बोललो. तिथल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला कोळीण केलंय. बाबा, येशील? म्हणाली. मी म्हटलं, येतो की, होडीनेच येतो, तुला परत होडीतून आणतो.

मग म्हणाली, "एसटीन येवया."

११ डिसेंबर, गुरुवार

आज जे झालं ते झालं तसंच लिहितो.

मॅडमशी बोलत होतो. बाबली जाळं घेऊन आला आणि दहा पावलांवर रेतीत बसून शिवायला लागला. मी हाताने जा म्हटलं. "बोल तू, माका काय आयकाक येना नाय." मग मी तोंडाने जा म्हटलं. तर म्हणतो, लपवतंस कित्याक, सगळो गाव जाणता तू पितंस ता.

माझं डोकं फिरलं. फोन हातात तसाच. ओरडलो – "गावाक माजो सोरो ठावक आसा! माजा चेडू माज्या होडयेत बसाक भियाता, ता कोणाक ठावक आसा?"

बाबली उठला. जाळं खांद्यावर टाकलं आणि गेला. त्याला मी इतकी वर्षं ओळखतो, त्याला असं खाली मान घालून जाताना पाहिलं नव्हतं.

फोनमधून मॅडमचा आवाज. म्हणाल्या, आत्ता काय म्हणालात ते पुन्हा सांगा. मी सुरुवात केली, "माझ्या कन्येच्या मनात..." आणि पुढे येईना. कन्या कुठली? चेडू ती माझं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मला सगळं समजलं नाही. पण आज तुम्ही पहिल्यांदा माझ्याशी बोललात." तुमच्या भाषेतलं माणूस शोधा, म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्या भाषेतलं माणूस माझ्या नात्यातलं निघतं. त्या हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

त्यांनीच संध्याकाळी नंबर पाठवला. कुडाळला एक डॉक्टर आहेत, मालवणीत बोलतात, फक्त मंगळवारी बसतात. शिवाय म्हणाल्या, एकदम बंद करून हात थरथरतात तर नुसत्या जिद्दीवर राहू नका, औषध असतं, त्यांना ते सांगा. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

१२ डिसेंबर

कुडाळला फोन केला. उचलणाऱ्या मुलीने नाव विचारलं. मी म्हणालो, चंदन. गाव? वेंगुर्ला. कुणापैकी, विचारलंच नाही! बराच वेळ वाट बघितली. नंबर मिळाला तेवीस तारखेचा.

१७ डिसेंबर

नाही लिहीत.

१८ डिसेंबर

पलीकडे गेलो होतो. चौथ्यांदा. ह्या वेळी मध्यावर हात जोडले नाहीत, लाज वाटली. परत आलो तर भाई आमच्या उतारावर उभे. त्यांनी वाकून होडीचा दोर धरला, खुंट्याला बांधला. मला वाटलं, आता नारळ काढणार. नुसते म्हणाले, "पाय बगून टाक." आणि घरात गेले.

२० डिसेंबर, शनिवार

दीपिका. "डॉक्टर गावलो?"

मालवणीत! दोन महिन्यांनी. मी म्हटलं गावलो, तेवीसला बोलावलंय.

"कोणापैकी?"

म्हटलं, कुणापैकीच नाही, अजिबात नाही. ती हसली. थोडीच, पण हसली. मग सांगितलं की चोवीसला इथे शाळेत येतेय, दाखल्याचा अर्ज लिहून ठेवलाय. द्यायचा की फाडायचा ते तू तेवीसला खरंच गेलास की नाही त्यावर. "माका फशीव नको. ह्या येळेक नको."

मी नाही फसवणार. असं मी ह्याआधी कितीदा म्हणालो, तेही तिने मोजलं असेल.

२२ डिसेंबर, सोमवार

उद्या भाईंचाही डोळ्यांचा मंगळवार. सकाळच्या गाडीत किंवा कुडाळच्या स्टँडवर समोरासमोर आलो तर? एका नारळात सुटलेल्या माणसाला काय सांगायचं, मला डॉक्टर लागतो म्हणून? बाइकने जातो. आधी त्यांची गाडी जाऊ देतो, अर्ध्या तासाने निघतो. सगळा बंदोबस्त केलाय.

पाच दिवस कोरडा. भीती वाटते. डॉक्टरांची नाही, ते मला बरा होण्यासारखा नाहीस म्हणतील ह्याची.

२३ डिसेंबर, मंगळवार

जिना चढून वर गेलो. बाकावर एकच माणूस. काळ्या फ्रेमचा चष्मा.

भाईंनी माझ्याकडे बघितलं, सरकून जागा केली. मी बसलो. मग तेच बोलले, हळू. "माजो नारळ सोळा दिस पुरलो. मगे मी पण पलतडी गेलंय. अकरा वर्सां झाली, हंय येतंय."

म्हटलं, सांगितलं का नाही कधी?

"गावाक नारळाची गोष्ट बरी वाटता." चष्मा काढून पुसला. "माका पण वाटाक लागली."

तेवढ्यात मुलगी वही घेऊन आली. चंदन कोण? वेंगुर्ल्याचे?

मी उभा राहिलो. भाईंनी माझा हात धरला.

"चंदन नाय. कौस्तुभ लिवा, देवबाग," ते तिला म्हणाले. "माजो झिल तो."